वीजबिल नसलेल्या शेताची नोंदणी : माझा अनुभव

पाटण तालुक्यातील आमच्या शेतापर्यंत विजेचे खांब आलेले नाहीत आणि आम्ही ते मागितलेलेही नाहीत. दिवे, पंप आणि पाहुण्यांच्या खोल्या सौर पॅनेलवर चालतात, स्वयंपाक गोबरगॅसवर होतो, आणि इंद्रायणी भात, नाचणी व भाजीपाला रासायनिक खतांविना पिकतो. मुक्कामी पाहुण्यांबरोबर शेती शिकू इच्छिणारी तरुण मुलेही येऊ लागली, तेव्हा सगळे रीतसर करून घ्यायचे आम्ही ठरवले. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात किमान एक एकर शेतीची अट आहे, ती आम्ही पूर्ण करत होतो. सातबारा, आठ अ, आधार आणि पॅन हाताशी होते. सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या ‘पीजीएस’ पद्धतीसाठी, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांच्या शेतांची हमी देण्याच्या पद्धतीसाठी, किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो. शेजारी उत्साहाने पुढे आले आणि एकमेकांच्या शेतांची तपासणीही सुरळीत पार पडली.

अडले ते वीजबिलापाशी. निरनिराळ्या नोंदण्यांसाठी जी कार्यालये पालथी घालावी लागली, त्यांपैकी एका ठिकाणी कागदपत्रांच्या यादीत वीजबिलाची प्रत होती आणि ती नसल्याने अर्ज स्वीकारायलाच नकार मिळाला. आमच्याकडे जोडणीच नाही, हे मी सौर संचाच्या खरेदीची पावती दाखवून समजावले. तेव्हा ‘जोडणी नसल्याचा दाखला आणा’ असे उत्तर आले. तो आणायला वीज कार्यालयात गेले, तर तिथे ग्राहक क्रमांक विचारला. जो ग्राहकच नाही त्याची नोंद आमच्या दप्तरी नाही, मग दाखला कशाच्या आधारे द्यायचा, हे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण त्यामुळे आमचा अर्ज दोन टेबलांच्या मध्ये लोंबकळत राहिला. एका कर्मचाऱ्याने केवळ बिलापुरती जोडणी घेण्याचा सल्ला दिला. त्याचा मला आजही राग येतो. सूर्यावर आणि शेणावर घर चालते, हेच आम्ही मुलांना शिकवतो. त्याच घरावर कागदासाठी मीटर बसवणे मला मान्य नव्हते.

शेवटी मी तोंडी बोलणे थांबवले. अर्ज सविस्तर लिहून आवक विभागात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज दिला, त्याला १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले, आणि वीजबिल ज्या नियमाने मागितले जाते त्याची प्रत मागितली. या कायद्यात ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मिळालेल्या कागदांवरून उलगडले की बिल फक्त जागेचा पुरावा म्हणून हवे होते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा (घराच्या कर-आकारणीची नोंद) आणि घरपट्टीची पावती जोडताच वरिष्ठ अधिकाऱ्यांनी अर्ज मंजूर केला. ज्यांच्याकडे वीजजोडणी नाही त्यांनी हे दोन कागद आधीच काढून ठेवावेत, आणि कोणताही कागद मागितला गेला की तो कशाचा पुरावा म्हणून हवा आहे, हे पहिल्याच भेटीत लेखी विचारावे. त्या दिवशी मंजुरीचे पत्र हातात घेताना मला मनापासून अभिमान वाटला, कारण आमच्या अंगणात मीटर आला नव्हता.

खोल्यांची घरपट्टीवर नोंद करायची असेल, तर ती अर्जाच्या आधी करून घ्यावी, म्हणजे उताऱ्यात त्या दिसतात. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला, तर २४ तासांच्या आत ऑनलाइन माहिती भरावी लागते. शेतावर मोबाइलला रेंज नसेल, तर हे काम कोण आणि कुठून करणार ते ठरवूनच आरक्षण घ्यावे. आमच्याकडे पावसाळ्यात दिवसेंदिवस ऊन पडत नाही आणि बॅटऱ्या पूर्ण भरत नाहीत, म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही पाहुणे मोजकेच घेतो, दळण उघडीप मिळताच उरकतो, आणि हे सगळे त्यांना येण्यापूर्वीच कळवतो.