ट्रक राज्याची हद्द ओलांडतो तेव्हा

भंगाराच्या यार्डातून फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ड्रायव्हरला खाली उतरवून ट्रक पुन्हा एकदा गेटमधून नेऊन पाहिलात का? यार्डाच्या गेटवरचे किरणोत्सर्ग टिपणारे डिटेक्टर फार संवेदनशील असतात. आदल्या दिवशी ड्रायव्हरच्या हृदयाचा न्यूक्लिअर स्कॅन झाला असेल, तर अंगात उरलेल्या थोड्याशा टेक्निशियम या किरणोत्सारी द्रव्यानेसुद्धा ते वाजतात. दुसऱ्या कुणी ट्रक चालवत आणला आणि गेट गप्प राहिलं, की विषय तिथेच मिटतो.

गेट पुन्हा वाजलं की आमचं काम सुरू होतं. मी अमेरिकेतल्या एका राज्याच्या रेडिएशन नियंत्रण विभागात हेल्थ फिजिसिस्ट, म्हणजे किरणोत्सर्गापासून लोकांच्या सुरक्षेचं काम बघणारी, आहे. अशा वेळी चित्र साधारण असं असतं: माल भरला शेजारच्या राज्यात, अलार्म वाजला आमच्या राज्यात, आणि रस्त्यावरच्या वाहतुकीचे नियम केंद्राच्या परिवहन खात्याचे, म्हणजे डीओटीचे. आत काय आहे ते कुणालाच माहीत नाही. जुन्या विमानातली, रेडियमचा रंग लावलेली तबकडी असेल. तेलविहिरीतून काढलेला पाइप असेल, त्याच्या आत बसलेल्या खरपुडीत नैसर्गिक रेडियम साचतं. किंवा बंद पडलेल्या कारखान्यातल्या टाकीवरचा गेज, म्हणजे मोजमापाचं यंत्र, असेल आणि त्यातलं सीझियम-१३७ अजून जिथल्या तिथे असेल. किरणोत्सारी माल रस्त्याने न्यायचा तर तो कोणता आणि किती, हे कागदावर लिहावं लागतं. इथे नेमकं तेच लिहिता येत नाही. म्हणजे कायद्याच्या भाषेत ट्रक पुढेही जाऊ शकत नाही आणि मागेही.

ही कोंडी फोडण्यासाठी डीओटीचा एक विशेष परवाना आहे, क्रमांक १०६५६. ज्या राज्यात अलार्म वाजला तिथला रेडिएशन अधिकारी मोजमाप पाहतो, ते मर्यादेत असल्याची खात्री करतो आणि फॉर्मवर मंजुरी देतो. तो फॉर्म घेऊन ट्रक मूळ ठिकाणी परत जातो, किंवा जिथे माल नीट उपसून पाहता येईल तिथे जातो. पण ट्रक हलण्याआधी मला एक फोन करायचा असतो, तो ट्रक जिथे जाणार त्या राज्यातल्या माझ्यासारख्याच कुणाला तरी. तिकडून तो माणूस नंतर कळवतो की माल पोहोचला, उपसला, आत अमुक निघालं. मग माझी फाइल बंद होते.

माझ्या आधीच्या पिढीतले सहकारी सांगतात की ही व्यवस्था नसताना यार्ड ट्रक नुसता परत पाठवायचं आणि तो निमूटपणे डिटेक्टर नसलेलं दुसरं यार्ड शोधायचा. तसं झालं आणि सोर्स, म्हणजे मालात लपलेली किरणोत्सारी वस्तू, भट्टीत गेला की गोष्ट एका ट्रकपुरती राहत नाही. १९८३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न इथल्या पोलाद कारखान्यात कोबाल्ट-६० वितळलं होतं. त्याच वर्षाच्या शेवटी मेक्सिकोतल्या हुआरेझमध्ये कर्करोगाच्या उपचाराचं एक जुनं यंत्र भंगारात गेलं. त्यात कोबाल्टचे सुमारे ६,००० बारीक दाणे होते. ते पोलादात मिसळले, त्या पोलादाच्या सळया झाल्या, टेबलांचे पाय झाले आणि त्यातला बराच माल सीमा ओलांडून अमेरिकेत आला. कुणालाही पत्ता नव्हता. १६ जानेवारी १९८४ रोजी अशा सळया घेऊन निघालेला एक ट्रक न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेजवळून गेला, तिथला डिटेक्टर वाजला आणि प्रकरण उघडकीला आलं. तो ट्रक दुसऱ्या रस्त्याने गेला असता तर किती दिवस लागले असते कुणास ठाऊक. त्यानंतर राज्याराज्यांतले रेडिएशन कर्मचारी मीटर घेऊन निघाले आणि बिलांचा माग काढत त्या सळया आणि ते टेबलांचे पाय शोधत राहिले. आमच्या कामाचं खरं स्वरूप मला या घटनेत दिसतं. सळईवर कोणत्या राज्याचा अधिकार, हे ठरवत बसायला कुणाला वेळ नव्हता.

भारतातल्या मित्रमंडळींना वाटतं की अमेरिकेत हे सगळं एनआरसी, म्हणजे केंद्राचा अणुनियामक आयोग, बघत असेल. भारतात एईआरबी आहे, तसं. इथे तसं नाही. १९५४ च्या अणुऊर्जा कायद्याने अधिकार केंद्राकडे ठेवले होते. १९५९ मध्ये त्यात कलम २७४ आलं आणि राज्यांना करार करून काही अधिकार स्वतःकडे घेण्याची मुभा मिळाली. १९६२ मध्ये केंटकीने पहिला करार केला. २०१९ मध्ये व्हरमाँट ३९ वं करार-राज्य झालं. अणुभट्ट्या अर्थातच केंद्राकडे राहिल्या. पण रुग्णालयातलं किरणोत्सारी आयोडीन, वेल्डिंग तपासणाऱ्यांचं इरिडियम, रस्त्याच्या कामावरचे गेज, हे सगळं करार-राज्यात राज्याच्या परवान्यावर चालतं.

एक्स-रे यंत्रं तर अणुऊर्जा कायद्यात कधी आलीच नाहीत. यंत्र कसं बनवावं हे एफडीए, म्हणजे केंद्राचं अन्न व औषध प्रशासन, ठरवते. ते कुणी, कुठे, कसं वापरावं हे राज्य बघतं. रेडियमचीही कित्येक दशकं हीच गत होती, कारण ते निसर्गात सापडतं आणि अणुभट्टीतून येत नाही. डॉक्टरांच्या जुन्या कपाटांत रेडियमच्या सुया पडून असायच्या आणि त्यांची जबाबदारी केंद्राच्या कायद्यानुसार एनआरसीकडे नव्हती. ती २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्याने आली. त्याआधी जे काही झालं ते राज्यांनी आपापसांत ठरवून केलं.

त्यासाठीच १९६८ मध्ये राज्यांच्या रेडिएशन विभागप्रमुखांची परिषद उभी राहिली. तिला आम्ही सीआरसीपीडी म्हणतो. तिचं कार्यालय केंटकीतल्या फ्रँकफर्टमध्ये आहे. डीओटीचा तो १०६५६ क्रमांकाचा परवाना प्रत्यक्षात वापरला जातो तो याच परिषदेच्या यंत्रणेतून. परिषदेच्या समित्या नमुना नियम तयार करतात, म्हणजे प्रत्येक राज्याला दंतवैद्याच्या एक्स-रेचे नियम कोऱ्या कागदावरून लिहावे लागत नाहीत. समितीत राज्यांची माणसं बसतात, शेजारी एफडीए, ईपीए (केंद्राची पर्यावरण संरक्षण संस्था), एनआरसी यांचे प्रतिनिधी असतात. मसुद्यातल्या एकेका वाक्यावर तासन्‌तास वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाला सहज जमणारा नियम डोंगराळ भागातल्या एका खोलीच्या दवाखान्याला जमेल का, हे वॉशिंग्टनमध्ये बसून कळत नाही.

एनआरसीशी आमचं नातं जरा वेगळं आहे, कारण ती आमच्या कामावर नजर ठेवते. करार केला म्हणून राज्य मनाला येईल ते करू शकत नाही. एनआरसीने नियम बदलला की साधारण तीन वर्षांत आम्हाला तो आणावा लागतो. कामगाराला वर्षाला ५ रेम (रेम हे किरणोत्सर्गाच्या डोसचं एकक), सामान्य माणसाला १०० मिलिरेम, अशा मूलभूत मर्यादा जवळजवळ शब्दशः सारख्या असाव्या लागतात. हद्दी ओलांडणाऱ्या गोष्टींचे नियमही तसेच. बाकी ठिकाणी हेतू तोच ठेवून राज्याला आपल्या पद्धतीने, कधी अधिक कडकही, लिहिता येतं. मला ही विभागणी शहाणपणाची वाटते.

हद्दीच्या गोष्टी किती बारीक असतात बघा. रस्त्याच्या भरावाची घनता मोजणारा गेज असतो. पिवळी पेटी, आत साधारण ८ मिलिक्युरी सीझियम आणि ४० मिलिक्युरी अमेरिसियम-बेरिलियम. ठेकेदाराकडे आमचा परवाना आहे. रस्त्याचं काम लष्करी तळाच्या कुंपणापर्यंत आमच्या हद्दीत. कुंपणाच्या आतली जमीन पूर्णपणे केंद्राच्या अखत्यारीत असेल, तर तोच गेज आत नेताक्षणी एनआरसीच्या हद्दीत गेला. त्यासाठी किमान तीन दिवस आधी एनआरसीकडे फॉर्म २४१ भरावा लागतो आणि असं काम एका वर्षात १८० दिवसांपर्यंतच करता येतं. ठेकेदार वैतागतो, आणि त्याचं वैतागणं मला समजतं. पण तो फॉर्म भरला जातो म्हणूनच आतल्या तपासनिसाला कळतं की सोर्स आलाय. पिकअपमधून गेज चोरीला गेला तर कोणी कोणाला कळवायचं, हेही आधीच ठरलेलं असतं. आम्ही एनआरसीच्या ऑपरेशन सेंटरला कळवतो, शेजारच्या राज्यांना कळवतो आणि पुढे त्या घटनेची नोंद आयडाहो प्रयोगशाळा सांभाळते त्या राष्ट्रीय माहितीसंचात जाते. तिथे ती सगळ्या राज्यांना दिसते.

या सगळ्या व्यवस्थेत मला सर्वांत मोलाची वाटते ती इम्पेप नावाची तपासणी. साधारण चार वर्षांनी एक पथक येऊन राज्याच्या कार्यक्रमाची झडती घेतं. पथकात एनआरसीचे लोक असतात, तसेच दुसऱ्या करार-राज्यांचेही. पुरेशी माणसं आहेत का, त्यांना प्रशिक्षण आहे का, तपासण्या वेळेवर होतात का, परवाने नीट लिहिले जातात का, तक्रार आली की काय करता, हे सगळं ते बघतात. नुसते कागद पाहून जात नाहीत. आमच्या तपासनिसाबरोबर गाडीत बसून रुग्णालयात येतात आणि तो काय विचारतो, काय विचारायचं राहतं, ते मागे उभं राहून ऐकतात.

मी अशा पथकात दुसऱ्या राज्यात गेले आहे. परक्या कार्यालयातल्या खोलीत बसून त्यांचे परवाने वाचताना पहिल्यांदा नीट कळलं की एकच गोष्ट दोन राज्यं किती वेगळ्या तऱ्हेने करतात. औद्योगिक रेडिओग्राफीच्या, म्हणजे किरणोत्सारी सोर्सने वेल्डिंग तपासण्याच्या, एका फाइलमध्ये त्यांच्या तपासनिसाने रात्रपाळीच्या कामावर जाऊन, न कळवता, केलेली पाहणी होती. टिपण इतकं नेमकं होतं की रेडिओग्राफर कुठे उभा होता, दोरी कुठवर बांधली होती, मीटर चालू होता का, सगळं डोळ्यासमोर उभं राहिलं. आमच्याकडे तपासण्या बहुतेक दिवसाउजेडी होत. परत आल्यावर मी ती पद्धत आमच्या बैठकीत मांडली आणि आता आमचे लोकही रात्री जातात. त्याच राज्याच्या दुसऱ्या एका कामात उणीव होती, ती आम्ही अहवालात स्पष्ट लिहिली. त्यांच्या प्रमुखबाई म्हणाल्या, ‘लिहा. हे कागदावर आलं तरच मला वरून दोन जागा मिळतील.’

अहवाल शेवटी एनआरसीच्या वरिष्ठांच्या मंडळापुढे जातो. त्या बैठकीत करार-राज्यांचा एक प्रतिनिधीही बसतो आणि बैठक लोकांना खुली असते. राज्य फारच ढासळलेलं असेल तर देखरेख वाढते. पण माझा अनुभव असा की खरी सुधारणा त्या बैठकीच्या आधीच सुरू झालेली असते, जेव्हा शेजारच्या राज्यातला कुणीतरी समोर बसून म्हणतो, ‘आमच्याकडेही हेच झालं होतं, आम्ही असं निस्तरलं.’ केंद्राच्या माणसाने सांगितलेलं आपण मान्य करतो. आपल्यासारख्याच तुटपुंज्या बजेटमध्ये काम करणाऱ्याने सांगितलेलं आपण करून बघतो.

एफडीएबरोबरचं काम बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं, आणि ते तर घराघराशी जोडलेलं आहे. १९९२ च्या कायद्यानुसार मॅमोग्राफीच्या प्रत्येक केंद्राची दर वर्षी तपासणी होते. ती करणारे बहुतेक तपासनीस राज्यांचे असतात, एफडीएने प्रशिक्षण दिलेले आणि तिच्या कंत्राटावर काम करणारे. नमुना स्तनाच्या एका प्रतिमेला ३ मिलिग्रेपेक्षा जास्त डोस नको, ही मर्यादा देशभर सारखी आहे. शिवाय १९७० च्या दशकापासून एफडीए आणि सीआरसीपीडी मिळून एक्स-रेंचं सर्वेक्षण करतात. त्याला नेक्स्ट म्हणतात. त्यात एक ठरावीक तपासणी निवडायची, राज्यांच्या लोकांनी फँटम, म्हणजे रुग्णाच्या शरीराऐवजी वापरायचा नमुना, घेऊन दवाखान्यांत जायचं आणि प्रत्यक्ष किती डोस दिला जातो ते मोजायचं. छातीच्या एक्स-रेला देशात साधारण किती डोस पडतो, हा आकडा अशा फिरण्यातून येतो.

अणुवीज केंद्रांच्या आपत्कालीन सरावांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर बरंच लिहिलं गेलं आहे. थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातल्या १९७९ च्या अपघातानंतर हे काम फेमाकडे, म्हणजे केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडे, आलं आणि दर दोन वर्षांनी मूल्यमापनासह सराव होतो. लोकांना हलवण्याचा विचार १० मैलांच्या परिघात होतो, पण दूध आणि पिकं तपासण्याचा परीघ ५० मैलांचा. ५० मैलांत सहज दोन-तीन राज्यं येतात. एका राज्याने दूध थांबवलं आणि पलीकडच्याने चालू ठेवलं तर लोक दोघांवरही विश्वास ठेवणार नाहीत. म्हणून लोकांना हलवण्यासाठी ईपीएच्या आणि अन्नासाठी एफडीएच्या, अशा एकाच मार्गदर्शक पातळ्या सगळे वापरतात आणि ऊर्जा खात्याची मोजमाप पथकं सगळ्या राज्यांना एकच नकाशा देतात.

मला काळजी वाटते ती माणसांची. हे सगळं उभं आहे ते ओळखीवर. ट्रक अडकला की फोन कुणाला करायचा, हे मला माहीत असतं, कारण त्या व्यक्तीबरोबर मी कुठल्यातरी समितीत मसुदा घासलेला असतो. अशी पंचवीस-तीस वर्षांची माणसं आता निवृत्त होत आहेत. नवीन मुलं-मुली येतात, एनआरसीच्या खर्चाने अभ्यासक्रम करतात, हुशार होतात आणि तीन-चार वर्षांत रुग्णालयाच्या दुप्पट पगारावर निघून जातात. त्यांना दोष कसा देणार? दोष राज्यांच्या वेतनश्रेणीचा आहे, आणि परिषदेच्या वार्षिक बैठकीच्या प्रवासखर्चावर पहिली कात्री लावणाऱ्या अंदाजपत्रकाचा आहे. त्या बैठकीला जाणं म्हणजे सहल नव्हे. तिथे न गेलेल्या तरुण तपासनिसाकडे अडचणीच्या वेळी फक्त एक सामान्य दूरध्वनी क्रमांक असतो आणि तो संध्याकाळी पाचनंतर कुणी उचलत नाही. आमच्या विभागातल्या नव्या मुलीला या वर्षी मी माझ्या जागी पाठवलं. ती परत आली तेव्हा तिच्या फोनमध्ये अकरा राज्यांतल्या लोकांचे थेट नंबर होते.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांसाठी एक कामाची गोष्ट. जुनं घर विकत घेतलंत, आजोबांच्या काळातलं घड्याळाचं किंवा यंत्राचं सामान मिळालं, पेटीवर तीन पाकळ्यांचं चिन्ह दिसलं, तर ती वस्तू उघडू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. खोलीतून बाहेर या, दार लावा आणि तुमच्या राज्याच्या रेडिएशन नियंत्रण विभागाला फोन करा. नंबर राज्याच्या आरोग्य किंवा पर्यावरण खात्याकडे मिळतो. वस्तू खरंच किरणोत्सारी निघाली आणि तिचा मालक सापडत नसेल, तर ती सुरक्षितपणे हलवण्यासाठी सीआरसीपीडी आणि ऊर्जा खात्याच्या योजना आहेत. त्यात कुणाचा पैसा आणि कुणाचा ट्रक, हे आम्ही बघतो.