बावन्न: आधी दोन की आधी पाच?

आई म्हणते, "बावन्न लिही." मूल २५ लिहितं. "लक्ष कुठं आहे रे तुझं?"

लक्ष जागेवरच असतं. कानावर आधी ‘बा’ पडला, म्हणजे दोन. मागून ‘वन्न’ आला, म्हणजे पन्नास. जसं ऐकलं तसं डावीकडून लिहून टाकलं. मराठी माणूस एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. हा उलटफेर मोठ्यांच्या इतका अंगवळणी पडलेला असतो की तो आहे हेच जाणवत नाही.

बेळगावात, खानापुरात, निपाणीत गुंता आणखी मजेदार होतो. घरातला बावन्न बाजारात गेला की ‘ऐवत्तेरडु’ होतो: ऐवत्तु पन्नास, एरडु दोन. इंग्रजीच्या तासाला तोच ‘फिफ्टी टू’. दोन्हीकडे पन्नास आधी. कन्नड तर अकरापासूनच सरळ चालते. हन्नोंदु, हन्नेरडु, हदिमूरु, सगळीकडे दहा आधी. आपली मराठी एकोणीस म्हणताना विसातून एक काढायला लावते, एकोणनव्वदपर्यंत हा हट्ट धरते आणि नव्व्याण्णवला आपणच तो सोडते! २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ अशी वाचायची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता. सीमाभागातल्या मुलाला ती पद्धत भाजीच्या पिशवीबरोबर घरपोच मिळते. ती वापरावी. "पन्नास आणि दोन, बावन्न, ऐवत्तेरडु" असं तिन्ही एका दमात म्हणावं. बावन्न सोडायचं कारण नाही. पाढे त्याच नावांनी म्हणायचे आहेत.

आता रोजच्या वहीचं. दुकानातल्या सराववहीत एका पानावर वीस-पंचवीस गणितं दाटीवाटीनं बसवलेली असतात. पहिलीच्या मुलाला एका बैठकीला आठ पुरेत: पाच जुनी, दोन काल चुकलेली, एक नवं. उरलेलं पान घडी घालून झाकावं, नाहीतर मूल आधी पान मोजतं आणि मग उसासा टाकतं. वेळ दहा मिनिटं, खेळून आल्यावर, पोटात काहीतरी पडल्यावर. रात्री नऊला डोळे मिटत असताना वही उघडण्यात काही अर्थ नाही. एखादा दिवस बुडाला तर बुडाला. रविवारी सात पानांची वसुली करू नये. आणि एका वहीत एकाच लिपीचे आकडे असावेत. देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ यांचा तोंडवळा इतका जुळतो की मूल चुकलं की वही चुकली, ते कळत नाही.

पण पेन्सिल ही शेवटची पायरी. त्याआधी हात. खराट्याचे हीर बोटभर लांबीचे तोडून शंभर करावेत, दहा-दहाचे जुडगे रबरानं बांधावेत, दहा सुटे ठेवावेत. (खानापूरकडे काजूच्या बिया हाताशी असतात, पण त्यांच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं. मोजायला चिंचोकेच बरे.) बावन्न म्हटलं की मुलानं डावीकडे पाच जुडगे मांडायचे, उजवीकडे दोन सुटे, आणि मगच चौकटीच्या वहीत ‘द’ आणि ‘ए’च्या खाली आकडे लिहायचे. इथं मोठ्यांची एक चूक नेहमी होते: समोर बसणं. समोरून बघताना आपलं डावं-उजवं मुलाच्या उलट होतं, आणि जो उलटफेर सोडवायला बसलो तोच नव्यानं तयार होतो. मुलाच्या शेजारी, त्याच्याच बाजूला बसावं.

चुका खोडू देऊ नयेत. खोडरबर दप्तरातच राहू दे, चुकलेल्या उत्तरावर एक आडवी रेघ पुरते. कारण चूक वाचता येते. ८ + ३ = १० आलं, तर मुलानं आठालाच पहिलं बोट दिलं: आठ, नऊ, दहा. त्याला आठ मुठीत ठेवायला सांगावं, मूठ छातीशी, आणि बोटं नवापासून उघडायची. ४२ − १७ = ३५ आलं, तर त्यानं सातातून दोन काढले, कारण मोठ्यातून लहान काढायचं एवढंच डोक्यात बसलंय. त्याला पुन्हा "हातचा घे" म्हणून उपयोग नाही. चार जुडग्यांपैकी एकाचं रबर त्याच्याच हातानं सोडवावं. तीन जुडगे, बारा सुटे. मग सात काढ, मग एक जुडगा काढ. पंचवीस समोर पडलेले दिसतात.

सगळ्यात फसवी चूक बरोबरच्या चिन्हाची. ८ + ४ = __ + ५ असं दिलं की रिकाम्या जागी हमखास १२ येतात. मुलाला ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिही’ वाटतं, आणि दोष वहीचा, कारण तिथं उत्तर कायम उजवीकडेच असतं. आठवड्यातून दोनदा ७ = __ + __ असं उलटं द्यावं. सातच्या जेवढ्या जोड्या सुचतील तेवढ्या लिहू द्याव्यात. तराजूची दोन पारडी काढून दाखवली तर आणखी सोपं.

बरोबर उत्तरालासुद्धा एखाद्या वेळी "कसं केलंस?" विचारावं, तेही चुकल्यावर विचारतो तसल्या आवाजात नव्हे. मूल मोजायला लागलं की ओठांकडे बघावं. शेजारची पोरं कन्नड बोलणारी असतील तर मराठी वहीवर वाकलेलं आपलं लेकरूही हळूच "आरु, एळु, एंटु" म्हणत असतं. टोकू नये. मोजून झालं की ते मान वर करून "आठ" म्हणतं आणि आठच लिहितं.