टाटामोबाइल 206: हौदा 22 इंच आखूड केला

तर मंडळी, माझ्या जुन्या टाटामोबाइल पिकअपचा हौदा (मागचा माल भरायचा भाग) कापला एकदाचा. सीटांच्या दोन रांगांची डबल केबिन चेसिसवर (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर) बसवून झाली होती, आन ती बसली की सिंगल केबिनचा जुना हौदा मागं 22 इंच जास्तीचा होतो, तेवढा आखूड केल्याशिवाय इलाजच नव्हता. लई जणांनी सांगितलं की कशाला कुटाणा करायलास, नवा पत्रा बेंड करून सरळ चौकोनी हौदा करून घे, जालन्यात लोखंडाला काय तोटा हाय. पण मला तसला डबा नको होता राव. ही गाडी 1988 ला आली, पुढं टाटाच्याच 1991 ची सिएरा आन 1992 ची इस्टेट ह्याच गाडीच्या पायावर उभ्या राहिल्या, आन दारापासून निघून मागच्या लाइटपर्यंत जाणारी बाजूच्या पत्र्यावरची ती रेघच जर गेली तर मग गाडीत राहिलं काय? ती रेघ वाचवायची म्हणूनच कापून जोडायचं ठरवलं.

आता मेन गोष्ट, काप कुठं घ्यायचा. वेल्डिंग चांगलं येत असलं की झालं असं सगळ्यांना वाटतं, पण माझ्या मते निम्म्याच्या वर काम पट्टी आन मार्करनंच होतं. चेसिस तीच हाय, मागचा अ‍ॅक्सल जागचा हलणार नाही, म्हणजे चाकावरची कमानपण हलवायची नाही. म्हणून कमानीच्या मागचा भाग जसाच्या तसा ठेवायचा आन सगळे 22 इंच कमानीच्या पुढून काढायचे. फाळक्याकडून (मागच्या उघडणाऱ्या झडपेकडून) कापायचा मोह होतो कारण तिथं हात नीट पोचतो, पण तिथून कापलं की लांब झालेल्या केबिनला जागा द्यायला सगळा हौदा कमानीसकट मागं सरकवावा लागतो आन चाक कमानीच्या पुढच्या टोकाला जाऊन बसतं. (व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरच कमी करत असाल तर हिशोब वेगळा, तिथं चेसिसपण कापावी लागते आन त्या वाटेला मी तरी जाणार नाही.)

मापं सगळी मागून घेतली, फाळक्याच्या बिजागरीच्या खांबापासून. पुढची कड माल आदळून आदळून आत गेलेली असते, तिच्यावरून माप घेतलं की दोन्ही बाजू कधीच सारख्या निघत नाहीत.

ह्या हौद्याला बाजूला दोन पत्रे हायत, आतला आन बाहेरचा. दोन्ही एकाच रेघेत कापले तर सगळा ताण एकाच जोडावर येतो, म्हणून बाहेरचा काप कमानीच्या 4 इंच पुढं आन आतला त्याच्या अजून 3 इंच पुढं घेतला. तळाचा काप खालच्या दोन आडव्या चॅनलच्या मधी. तळाच्या पत्र्यातल्या पन्हाळ्या पुढून मागं सरळ जातात त्यामुळं मधला तुकडा काढल्यावर त्या एकमेकींसमोर आपोआप येतात. वरच्या कडेला दोरी बांधायच्या कड्या हायत, एकपण कडी कापात सापडणार नाही एवढं आधी बघून घ्या.

कापायच्या आधी हौद्यात 1 इंची चौकोनी पाइप आडवे आन तिरपे टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारून बसवले. हे केल्याशिवाय ग्राइंडर हातात घ्यायचाच नाही, नाहीतर मधला तुकडा निघाला की दोन्ही बाजू फाकतात आन मग कितीबी दाबा, जागेवर येत नाहीत. कापायला 4 इंची ग्राइंडर आन 1 मिमीचं कटिंग व्हील. गॅस कटर लावू नका, पत्रा तिथंच वाकतो. रेघेच्या 2-3 मिमी अलीकडं कापलं आन उरलेलं कानसीनं घासत रेघेपर्यंत आणलं.

मग पुढचा भाग मागं सरकवला, सी क्लॅम्प लावले, कर्ण मोजले. दोन्ही कर्णांत 2 मिमीचा फरक आला, तेवढा चालतो. फाळका लावून उघडझाप करून बघितला, तो अडकला नाही म्हणजे हौदा काटकोनात हाय, गुण्यापेक्षा मला ही परीक्षा जास्त खात्रीची वाटते.

वेल्डिंग मिगवर (तार आपोआप पुढं येणारी गॅसची वेल्डिंग), 0.8 मिमीची तार, आरगॉन-सीओटूचं मिक्स. साध्या सीओटूवर पण होतं पण ठिणग्या लई उडतात आन पातळ पत्र्याला भोकं पडायची भीती. टाके दीड-दोन इंचावर, एक इकडं की दुसरा पार तिकडच्या टोकाला, गोधडीला आधी लांब लांब धावदोरे घालतात तसं, आन मग मधल्या जागा भरत जायचं. हात ठेवता येईल एवढं गार झाल्याशिवाय शेजारचा टाका नाही. वेल्ड गार होताना आकसतो आन पत्र्याला पोक येतो, तो काढायला मागून डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून टाक्यावरच हलक्या हातानं हातोडी मारायची, म्हणजे आकसलेलं परत ताणलं जातं. सरळ लांब रेघ ओढत वेल्ड मारला तर मात्र पत्रा असा लाटा मारतो की किलोनं लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरावी लागती, आन एवढी जाड लांबी दोन पावसाळ्यात तडकणारच.

हे सगळं रानातल्या शेडमधी केलं. पंपाची थ्री फेज रात्रीच्या पाळीला येते त्यामुळं सिंगल फेजवर चालणारी इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आणली होती. उन्हाळ्यात काम काढणार असाल तर टाके सकाळीच मारा, अर्धा पत्रा उन्हात आन अर्धा सावलीत असला की जोडातली फट दुपारपर्यंत बदललेली असते. डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवली आन बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या, ह्यात आळस नको.

अशी गाडी रोडवर चालते का असं विचारणारे असणारच, म्हणून सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आन सुप्रीम कोर्टाचा जानेवारी 2019 चा निकाल, दोन्हीचा अर्थ सरळ हाय, कंपनीनं दिलेल्या नोंदीत बदल होईल असा फेरफार चालत नाही. ही गाडी नोंदणी रद्द करून रानातच ठेवलेली हाय, ठिबकच्या नळ्या आन कापूस वाहायला. रोडवर चालवायची गाडी असेल तर कापायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा.

आता बाहेरचे जोड घासायचे राहिलेत. आतून झिंक प्रायमर, जोडावर सीलर आन पाणी जायची जुनी भोकं परत मोकळी करायची, कारण दोन पत्र्यांच्या मधी पाणी साचलं की गंज आतूनच खातो. केबिन आन हौद्याच्या मधी 1 इंच फट ठेवलीय, बांधावरून जाताना चेसिस पिळते तवा दोन्ही एकमेकांना घासायला नको. डिझेल भरायचं तोंड मात्र कापलेल्या तुकड्यात गेलं, ते कमानीच्या मागं घ्यायचं ठरवलंय, पाइपाला टाकीकडं उतार नीट मिळतो का ते हौदा चढवल्यावर बघू.