आईची दाढ

आज आईला कॉलेज रोडला दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. दाढ दोन महिने ठणकत होती, पण लहानपणी बधिर न करताच उपटलेल्या दाताची धास्ती अजून गेलेली नाही. पंचवटीतून निघाल्यापासून माझा हात घट्ट धरून होती.

डॉक्टरांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काकू, दुखलं की डावा हात वर करा, मी लगेच थांबते." हिरडीला बधिर करणारी जेल लावली, मग सुई, तीही अगदी सावकाश. आईने दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा मशीन खरंच थांबलं! मला तिथेच भरून आलं.

रूट कॅनालची पहिली सिटिंग झाली. रिक्षात बसल्यावर, ओठ अजून बधिर असतानाच आई म्हणाली, "पुढच्या मंगळवारी मी एकटी जाईन."