हलू नकोस हं

आत्याच्या दिवाणखान्यात, सोफ्याच्या बरोब्बर वर, ती बाई होती. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा त्याला आडोसा, आणि उजेड आतून झिरपावा तशी लालसर झालेली बोटं. आत्या तिला 'रविवर्म्याची बाई' म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायचो. सुट्टीत आत्याकडे गेलं की फ्रेमची धूळ पुसायचं काम माझ्याकडे असायचं. त्यामुळे ती मला घरातल्या एखाद्या अबोल काकूसारखी ओळखीची होती. नाव माहीत नाही, पण रोजची.

पुढे कधीतरी कळलं की राजा रविवर्मा १९०६ साली गेले आणि हे चित्र १९४५-४६चं आहे. हा हिशेब मी मोठ्या उत्साहाने आत्याला ऐकवला. ती म्हणाली, "कॅलेंडरवर रविवर्म्याचं नाव छापलं होतं. कॅलेंडरवाल्याला काय कळत नाही होय?" विषय संपला.

कॅलेंडरवाल्याचा तरी काय दोष म्हणा. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे आणि तिथे रविवर्म्यांची चित्रं पुष्कळ. थोरामोठ्यांच्या पंगतीत बसलं की वाढणारा आपल्यालाही त्यांच्यातलाच समजतो, तसं झालं. तिथे हे चित्र अंधाऱ्या जागेत, पडद्यांच्या आत लावलेलं आहे. समोर उभं राहिलं की मागे कुणी बल्ब लपवलाय की काय असं वाटतं.

काढलं ते सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी. जन्म १८८२, सावंतवाडीचे. मुंबईत जे. जे. या कलाशाळेत शिकले आणि १९०८ साली त्यांनी स्वतःची कलासंस्था काढली. माणसांचे चेहरे रंगवण्यात त्यांचं मोठं नाव होतं. आणि दिवा धरून उभी आहे ती त्यांची मुलगी, गीता.

गोष्ट अशी सांगतात, की दिवाळीचे दिवस होते, लेक दिवा घेऊन निघाली होती आणि वडिलांनी तिला तशी पाहिली. बस, इतकंच. आपल्याकडे लाखो मुली दिवाळीत दिवा घेऊन अंगणात जातात आणि लाखो बाप त्या वेळी चिवड्याचा डबा शोधत असतात.

चित्र जलरंगातलं आहे, हे मला फार उशिरा समजलं, आणि समजल्यावर घाम फुटला. तैलरंगात चुकलं तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात तशी सोय नसते. उजेड वरून लावता येत नाही, तो आधीच राखून ठेवावा लागतो. जिथे उजेड हवा तिथे कागद कोराच सोडायचा किंवा रंगाचा अगदी पातळ हात फिरवायचा, आणि भोवतीचा अंधार थोडा थोडा गडद करत न्यायचा. एकदा ती जागा काळवंडली की गेली. हळदणकरांना म्हणे हेच दाखवून द्यायचं होतं, की न चुकता, न खोडता जलरंगात असं काम होऊ शकतं.

पण मला चित्रकारापेक्षा त्या मुलीच्या दंडाची काळजी वाटते. बाप कागदावर उजेड राखत होता तेव्हा ती हातात राखत होती, आणि तीसुद्धा तासच्या तास. व्यक्तिचित्रकाराच्या घरात मुलांच्या वाट्याला हे येतच असणार. बाहेरचं गिऱ्हाईक बैठकीला वेळ देणार मोजून, आणि घरचं माणूस काय, हाकेच्या अंतरावर. त्याला पैसे द्यायचे नाहीत आणि 'जरा हनुवटी खाली कर' म्हणताना अहोजाहो करायचं नाही. त्याच पिढीतली दुसऱ्या एका नामवंत चित्रकाराची लेक, अंबिका धुरंधर, स्वतः जे. जे.मध्ये शिकली आणि चित्रकार झाली. हळदणकरांकडे गजानन या मुलाने कुंचला उचलला. गीताच्या हाती दिवा होता. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तरी लिहिताना पेन किंचित अडखळलं, हे खरं.

आपला बाप आपल्याकडे सलग इतका वेळ बघतोय, हा अनुभव कसा असेल? माझे वडील माझ्याकडे एवढं एकटक फक्त प्रगतिपुस्तकाच्या दिवशी बघायचे. चित्रकार बाप पाहतो तेव्हा त्याला लेक दिसत असते की गालावरची सावली? मला वाटतं आधी सावली दिसत असेल, आणि मग कधीतरी मध्येच, पाणी बदलायला उठताना, लेक. "दमलीस का गं?" हे त्यानंतरचं.

गीताबाई उपळेकर पुढे कोल्हापूरला राहिल्या आणि २ ऑक्टोबर २०१८ रोजी, वयाच्या १०२व्या वर्षी गेल्या. बातम्यांमध्ये त्यांचा वयोवृद्ध फोटो आणि शेजारी ते चित्र, असं छापून आलं होतं. मी दोन्हींत साम्य शोधत बसले. ते शोधताना एकदम लक्षात आलं, की इतकी वर्षं जिच्या फ्रेमची धूळ मी पुसली ती बाई आत्ताआत्तापर्यंत कोल्हापुरात चहा पीत होती.

यंदा लक्ष्मीपूजनाला मी लेकीला म्हटलं, "मी अशी उभी राहते, तू फोटो काढ." तेलाचा दिवा घेतला आणि हाताचा आडोसा केला. आडोसा फार जवळ नेला की चटका बसतो, लांब ठेवला की बोटं लाल दिसत नाहीत. मधली जागा जेमतेम दोन बोटांची. "आई, हलू नकोस हं." मी मोबाइलवर वेळ लावली होती. सातव्या मिनिटाला दंड थरथरायला लागला, नवव्या मिनिटाला नव्या साडीच्या काठावर तेल सांडलं.

फोटोत माझी बोटं काळी आली होती आणि ज्योतीच्या जागी पांढरा गोळा. "दिवा आलाच नाही. नुसतं कोरं दिसतंय," लेक म्हणाली.

दिव्यात परत तेल घातलं, वात सारखी केली आणि तुळशीकडे निघाले. गॅलरीत वारा होता. दार उघडायच्या आधीच मोकळा हात आपसूक ज्योतीच्या पुढे आला.

"थांब, थांब," लेक मागून म्हणाली, "आता तशीच उभी राहा."