शिबिरानं गावाचं काय भलं होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी या प्रश्नावर मी "एकदा या की बघायला" एवढंच म्हणते. येत कुणीच नाही, त्यामुळे विषय तिथंच मिटतो.

डिसेंबर सरत आला आणि एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, निवासी शिबिराची यादी फलकावर लागली, की प्रश्न येतोच. स्टाफरूममध्ये तो असा असतो: "सात दिवस पोरं घेऊन खेड्यात राहता, गावाचं नेमकं काय भलं होतं हो?" पालकांकडून येतो तेव्हा त्याचा चेहरा वेगळा: "मॅडम, ते दहा मार्क नक्की मिळतात ना?" दोघांच्या पोटात शंका एकच. यात खरं काही आहे, की सगळं फोटोपुरतं?

आधी मार्कांचं उरकते. आमच्या विद्यापीठात मिळतात. दोन वर्षांत २४० तास भरायचे, एक शिबिर करायचं, आणि बरीच मुलं त्या दहा मार्कांसाठीच नाव घालतात. मला याची लाज वाटत नाही. अठरा वर्षांच्या पोरानं निव्वळ सेवाभावानं पहाटे उठून थंडीत प्रभातफेरीला यावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपण नोकरी कशासाठी धरली ते जरा आठवावं. मार्कांसाठी आलेली मुलं तिसऱ्या दिवशी मार्क विसरून खोऱ्याला भिडलेली मी पाहिली आहेत. समाजसेवेवर भाषण पाठ करून आलेली मुलं त्याच दिवशी पोटदुखीचं निमित्त काढून घरी गेलेलीही पाहिली आहेत.

शिवाय ही सेवा ऐच्छिक असावी की सक्तीची, हा वाद आमच्या स्टाफरूमनं शोधून काढलेला नाही. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानं ती ऐच्छिक ठेवा म्हटलं. १९५९ मध्ये आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या समितीनं म्हटलं, शाळा संपवून कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येकाला नऊ महिने ते वर्षभर सक्तीची करा. मग शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतला अनुभव तपासून पुन्हा ऐच्छिकचाच कौल दिला. पुढं कोठारी आयोग आला, आणि अखेर २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थी घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दहा मार्क ही त्या जुन्या वादातली आमच्या काळातली तडजोड आहे. सक्ती करायची नाही, पण मोकळ्या हातानं परतही पाठवायचं नाही.

आता गावाचं.

गावाचं भलं फार थोडं होतं. हे मी कार्यक्रम अधिकारी असून म्हणते आहे, म्हणून काहींना खटकतं. वनराई बंधाऱ्याचंच घ्या. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्याला आडवी रांग लावायची. काम सोपं आहे, स्वस्त आहे, आणि वेळेवर केलं तर गुणाचं आहे. पण वेळ म्हणजे पाऊस संपता संपता, ओढा वाहता असताना. तेव्हा अडवलेलं पाणी रब्बीला पुरतं, काठच्या विहिरींना आधार देतं. आमचं शिबिर सत्र परीक्षा उरकल्यावर, जानेवारीत. तोवर आमच्या भागातले ओढे आटलेले असतात. एका वर्षी आम्ही अगदी देखणा बंधारा घातला, कोरड्या ओढ्यात. बघायला आलेल्या शेतकऱ्यांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही. पाहुण्यांच्या कामाला नावं ठेवायची नाहीत, एवढी रीत गावं पाळतात. विद्यापीठाच्या वेळापत्रकाला मात्र पाण्याची रीत ठाऊक नाही.

भलं होतं ते मुलांचं. तेही आपण समारोपाच्या भाषणात सांगतो तसं नाही. "शहरी मुलांना खेड्याची ओळख" वगैरे तालुक्याच्या कॉलेजात बोलायची सोय नाही. आमची निम्मी मुलं सकाळी धार काढून कॉलेजला येतात, त्यांना कुदळ धरायला शिकवणारी मी कोण? त्यांना मिळतं ते वेगळं. भोजन समितीत पडलेल्या मुलाच्या घरी ताटं बायकाच घासतात; इथं तो दुसऱ्याचं उष्टं ताट आयुष्यात पहिल्यांदा घासतो. वर्गात हजेरीपलीकडं तोंड न उघडणारी मुलगी गटप्रमुख होते आणि तीस जणांना रांगेत उभं करते. आणि वडील सात रात्री मुलीला घराबाहेर राहू देतात. यातल्या काही घरांत त्या सात रात्रींनंतर पुढच्या शिक्षणाची बोलणी निराळ्या सुरात होतात. हे अहवालाच्या कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कुणी सांगितलेलं नाही.

पण मग गावानं आमच्या मुलांचा वर्ग म्हणून का राबावं? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांतली मुलं राबत होती ती स्वतःच्या शिक्षणासाठी. "स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद" या वाक्यात कुणावर उपकार नाहीत, त्यामुळे कुणाचं भलं झालं हा प्रश्नही नाही. आम्ही घाम गाळतो दुसऱ्याच्या दारात आणि शिकतो आपण. याचं मोल कोण देतं, ते मला एका शिबिरानं दाखवलं.

त्या वर्षी मी बंधारा रद्द केला आणि गावातल्या मुलांचं वाचन तपासायचं ठरवलं. ग्रामीण मुलांना वाचता येतं का हे देशभर तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीत स्वयंसेवक २००५ पासून करतात तसंच. शाळेत जायचं नाही, घरी जायचं. मुलापुढं कागद ठेवायचा: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. जिथवर वाचता येईल तिथं खूण. मुलं खूश होती. मीही होते. खोऱ्यापेक्षा हे काम कॉलेजच्या मुलांना शोभतं, असं मी कुणाला तरी म्हटल्याचं आठवतं.

आमच्या दोन मुली गावाच्या कडेच्या एका घरी गेल्या. घरात पाचवीतला मुलगा. आई अंगणात तूर झोडपत होती, ती हातातलं टाकून आली. शेजारच्या चार बायका जमल्या, कारण पाहुण्या पोरी आल्या म्हटल्यावर जमतातच. मुलानं गोष्ट हातात घेतली आणि तिच्यातल्या चित्राबद्दल बोलायला लागला. परिच्छेद दिला, पहिल्याच ओळीत अडला. सुटे शब्द दिले, बिनजोडाक्षरांचे काही वाचले. अक्षरं मात्र सगळी ओळखली, मोठ्यानं, पाढे म्हणावेत तशी. मुलीनं खूण केली. आईनं विचारलं, "काय लिव्हलं?" मुलीनं जमेल तेवढ्या हळू आवाजात सांगितलं. आई आत गेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं प्रगतिपुस्तक घेऊन आली. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. "ह्यात काय हाय ते वाचून दाखव." मराठीपुढं ब-१ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेच्या व्हरांड्यात, आमच्या मुक्कामी आली. एका हातात मुलाचं मनगट, दुसऱ्यात ती पिशवी.

"मॅडम, काल तुमच्या पोरींनी सांगितलं ह्याला वाचाया येत न्हाई. चार बायांम्होरं सांगितलं. आता सांगितलंच हाय, तर शिकवूनच जावा."

मी म्हटलं, शाळेत गुरुजींशी बोलूया.

"गुरुजींना काय सांगू? बाहेरनं पोरं आली आन् त्यांनी तुमची चूक काढली, असं? तुमी चार दिसांनी जाणार. मला हितंच ऱ्हायचंय."

तिचा आवाज चढलेला नव्हता. मुलगा आमच्या ध्वनिक्षेपकाकडं बघत होता. मी "बघते" म्हणाले.

राहिलेल्या दिवसांत त्या दोघींनी गटचर्चा सोडून दुपारभर त्याला घेऊन बसायचं ठरवलं. त्याच्यामागं आणखी पोरं आली. बाराखडीचा तक्ता, मोठ्यानं वाचन, शब्द जोडायचे खेळ. चार दुपारींत वाचन येत नाही. काना आणि वेलांटीची भीती थोडी गेली, इतकंच. शिबिर संपलं, आम्ही एसटीत बसलो. त्या दोघींतली एक त्याच रस्त्यावरच्या गावची होती. ती रविवारी जायला लागली. मी तिला सांगितलं नव्हतं, अडवलंही नाही. मग तिची परीक्षा आली, मधे महिनाभर खंड पडला. परत गेली तेव्हा पोरगा तिला बघून खाटेमागं लपला, आणि आईनं तिला दारातच सांगितलं, "सारखी येणार असशील तरच ये."

ते तिनं मला येऊन सांगितलं आणि विचारलं, "मी सारखी जाऊ शकते का, मॅडम?" तिसरं वर्ष, दोन एसट्या, घरात स्थळं बघायला सुरुवात झालेली. ती परत गेली नाही. आज बँकेत आहे. माजी विद्यार्थी मेळाव्यात तिचा सत्कार झाला तेव्हा सूत्रसंचालकानं त्या रविवारच्या वर्गाचा गौरवानं उल्लेख केला. ती खाली बघत होती.

माझ्यातली जुनी बाई म्हणते, मोजायलाच नको होतं. ज्याचं औषध जवळ नाही तो आजार कुणाला सांगू नये. मी तिच्याशी अजून भांडते. न सांगून काय झालं असतं? पोरगं आठवीपर्यंत पुढं ढकललं गेलं असतं, प्रगतिपुस्तकं पिशवीत साठत गेली असती. तो एकटाही नव्हता. 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला नाही. त्या आईला कळण्याचा हक्क होता. जुनी बाई म्हणते, हक्क होता, पण किंमत तिनं मोजली, तू नाहीस. यावर माझ्याकडं उत्तर नाही, आणि "मॅडम, तुम्ही उगाच मनाला लावून घेता" हे ते उत्तर नव्हे.

मग तुम्ही म्हणाल, शिकवणं शासनाचं काम आहे, स्वयंसेवकांनी त्यात पडूच नये. शासन स्वतःच स्वयंसेवकांकडं बोट दाखवतं. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी २०२२ पासून जो 'उल्लास' कार्यक्रम चालू आहे, तो बिनमानधनाच्या स्वयंसेवकांच्याच भरवशावर उभा आहे. माझी त्याला हरकत नाही. फक्त त्या आईची अट मी प्रत्येक योजनेला लावून बघते: सारखी येणार असशील तरच ये. गावातच राहणारी, बारावी झालेली सून या अटीला उतरते. आमचं सात दिवसांचं शिबिर उतरत नाही. म्हणून वाचन शिकवणं मी शिबिरातून काढलं. मुलांनी ते मनावर घेतलं तर त्यांच्या स्वतःच्या गावात, वर्षभर, २४० तासांत धरून. असं करणारी मुलं थोडी आहेत. फार थोडी.

शिबिरासाठी मी उलटी वाट धरली आहे. जे सात दिवसांत पुरं होतं तेच काम घ्यायचं, आणि ते गावानं सांगायचं. मागच्या खेपेला सरपंचबाईंना भेटले, तेव्हा मनात सांडपाण्याचे शोषखड्डे धरून गेले होते. त्या म्हणाल्या, खड्डे नकोत, आमच्याकडं निराधार योजनेच्या म्हाताऱ्या आहेत. दर वर्षी हयातीच्या दाखल्यासाठी तालुक्याला हेलपाटे घालतात. कुणाचं बँकेत नाव वेगळं, कुणाचं आधारवर वेगळं. पोरांना मोबाइल कळतो, तर घरोघर बसून प्रत्येकीचे कागद लावून द्या.

आम्ही तेच केलं. मुलं कंटाळली. घाम नाही, गाणी नाहीत, फोटोत दिसतं काय तर म्हातारीशेजारी बसून फोन बघणारा पोरगा. दोघा-तिघांनी तोंडावर सांगितलं की श्रमदानाला मजा येते, याला नाही. माझे सहकारी म्हणतात, हे सेतू केंद्राचं काम आहे, युवा विकासाचं नाही. कदाचित बरोबर असेल त्यांचं. काहींचे कागद मार्गी लागले, काहींचे तहसीलमध्ये अडकले आहेत, आणि त्यांचे फोन आता मुलांना येतात. एक मुलगा ते उचलतो, बाकीचे मला पुढं पाठवतात.

अहवालात हे तास कुठल्या रकान्यात घालायचे, यावर आमचं अजून जमलेलं नाही. प्राचार्य म्हणतात श्रमदानात घाला. मी म्हणते वेगळे दाखवा.