आमची वाटचाल : जोडणीपासून मोजणीपर्यंत

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आम्ही सुरुवात केली तेव्हा कामं ठरलेली होती. कॉम्प्युटर असेंबल करायचे, केबल ओढायची, आणि वर्षाचं मेन्टेनन्स कॉन्ट्रॅक्ट मिळालं तर पेढे वाटायचे. पुढे तयार मशीन स्वस्त झाली आणि असेंब्लीत काही राम उरला नाही. रबाळे-महापेच्या कंपन्यांच्या नेटवर्कच्या कामांनी तेव्हा तारलं.

आज आमची ओळख आहे ती मात्र नेटवर्कवरचं ट्रॅफिक, म्हणजे डेटाची ये-जा, मोजून देणारे म्हणून, आणि ती मिळाली कळव्याच्या एका केबलवाल्या अण्णांमुळे. टीव्हीच्या जोडीने ते इंटरनेटही द्यायला लागले होते. बँडविड्थ पुरवणारी कंपनी आपल्याला लुटते, असं त्यांचं ठाम मत. "ग्राफ बघा ना, रात्री नऊला पस्तीस मेगाबिट. आणि बिल दीडशेचं! वर गिऱ्हाईक म्हणतंय नेट स्लो आहे."

ग्राफ आधीच्या कुणीतरी एमआरटीजी या ट्रॅफिकचे ग्राफ काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर लावून दिलेला, दर पाच मिनिटांनी राउटरला आकडा विचारणारा. माझा मावसभाऊ धंद्यात भागीदार आहे. त्याने मागचे सगळे आकडे चाळले, तर ११४ मेगाबिटच्या वर एकही नोंद नाही. पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे हजार मेगाबिटचा, आणि गर्दीच्या वेळी ग्राफ ११४ ला टेकून धपकन खाली!

पोर्टमधून किती बाइट गेले ते राउटर एका काउंटरवर मोजत जातो. जुन्या पद्धतीचा काउंटर ३२ बिटांचा असतो. त्यात जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइट मावतात, पुढच्या बाइटला पुन्हा शून्य, म्हणजे एक फेरा. नवा आकडा जुन्यापेक्षा लहान दिसला की एमआरटीजी एक फेरा धरून हिशेब जुळवतं, पण फेरा पूर्ण होऊन काउंटर मागच्या आकड्याच्याही पुढे गेला, तर त्याला कळायला मार्ग नाही. पाच मिनिटांत एक फेरा म्हणजे सेकंदाला सुमारे ११४.५ मेगाबिट. अण्णांचे दीडशे वापरले जात होते, त्यातून एक फेरा गळला की उरतात साडेपस्तीस. १०० मेगाबिटच्या पोर्टवर हे घडलंच नसतं, तिथे फेऱ्याला पावणेसहा मिनिटं लागतात. गिगाबिट पूर्ण भरून चालला तर ३४ सेकंद पुरतात.

बिल बरोबर आहे हे ऐकून अण्णा खूश झाले नाहीत. पण विजेच्या मीटरच्या भाषेत सांगितल्यावर लगेच म्हणाले, "मग रीडिंगला माणूस जास्त वेळा पाठवा की." अगदी बरोबर बोलले. राउटरवर एसएनएमपीची (काउंटर वाचायची ठरलेली पद्धत) दुसरी आवृत्ती लावून आम्ही ६४ बिटांचे काउंटर वाचायला लागलो (पहिल्या आवृत्तीत हा प्रकारच नाही). बिल्डिंगांमधल्या ज्या जुन्या नेटवर्क स्विचमध्ये ती सोय नव्हती, त्यांना दर मिनिटाला विचारायचं ठरलं. ६४ बिटांचा काउंटर गिगाबिटच्या वेगाने भरायला साडेचार हजार वर्षांहून जास्त लागतात, त्यामुळे ती काळजी आमच्या नातवंडांनाही नाही.

अण्णांनी मेन्टेनन्सही आम्हालाच दिला आणि इतर केबलवाल्यांनाही सांगितलं. कळवा, मुंब्रा, दिवा या पट्ट्यात कामं अशीच वाढली. महापेच्या कंपन्यांत वेगळीच गंमत. वीज जाऊन स्विच रीस्टार्ट झाला की काउंटर शून्यावर येतो आणि सॉफ्टवेअरला वाटतं फेरा पूर्ण झाला. ग्राफवर मग भलामोठा खोटा सुळका. म्हणून स्विच किती वेळ चालू आहे तेही सोबत वाचावं लागतं. पण तो आकडाही ३२ बिटांचाच, सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजलेला, ४९७ दिवसांनी तोही शून्यावर! चांगला यूपीएस असलेल्या ठिकाणी हे खरोखर होतं.

लिनक्समध्ये २०१० च्या २.६.३६ कर्नेलपासून (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) ३२ बिटांच्या मशीनवरही ६४ बिटांचे आकडे ठेवायची सोय झाली, अर्थात नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरने साथ दिली तर. तुर्भ्याच्या एका गोदामात त्याआधीच्या लिनक्सवरचा गेटवे, म्हणजे आतलं नेटवर्क इंटरनेटला जोडणारं मशीन, अजून चालू आहे. शेठ बदलायला तयार नाहीत, "चालतंय ना?" म्हणतात. त्याचे आकडे आम्ही दर मिनिटाला उचलतो, आणि त्याचा खर्च वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये वेगळा लावतो.